पंचवीसपटीचा हिशेब

नोकरी लवकर सोडायची तर पुंजी किती हवी? वर्षाच्या खर्चाच्या २५ पट, असं सर्रास सांगतात. महिन्याला ४०,००० रुपये लागत असतील तर १ कोटी २० लाख. हा २५ पटीचा आकडा मूळचा अमेरिकेतला. १९९४ साली विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर-रोख्यांचा इतिहास तपासला. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, काढले आणि पुढे महागाईनुसार रक्कम वाढवत नेली, तरी पैसा ३० वर्षं पुरत होता. पण चाळिशीत थांबणाऱ्याला कदाचित ५० वर्षं काढायची असतात, आणि आपल्याकडे महागाईही जास्त. मला तरी ३५ पटीखाली धीर होत नाही. आरोग्यविमा त्याहून वेगळा, कारण कंपनीचा विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. उलट महिन्याचा खर्च ५,०००नी घटवला, तर २५ पटीनेही लक्ष्य १५ लाखांनी खाली येतं.