मटण ठोकायचा हातोडा: कधी, कसा आणि का वापरायचा?

(हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" बरेचसे काढलेत, काही राहिलेत. ट्रेनमध्ये हेडफोन विसरणाऱ्यांसाठी खास.)

आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, कोडिंग सोडून याने आता खाटकाचं दुकान टाकलं की काय. तसं काही नाही. आज बोलायचंय मीट मॅलेटबद्दल. ऑनलाइन शॉपिंगमध्ये "मीट हॅमर" किंवा "मीट टेंडरायझर" नावानं मिळतो तोच, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला पिरॅमिडसारखे टोकदार दात असलेला हातोडा.

मी तो घेतला बाबांमुळे. गेल्या वर्षी बाबांना कवळी बसली. रविवारी मटण हा आमच्या घरचा नियम आहे, पण हळूहळू लक्षात आलं की बाबा ताटात फक्त रस्सा घेतायत आणि भात कालवून खातायत. विचारलं तर म्हणाले, "मला रस्साच आवडतो रे." तीस वर्षं नळीसाठी आईशी भांडलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही.

मग हातोडा मागवला. साडेतीनशे रुपये. आणि पहिल्याच दिवशी पूर्ण फसलो. ते सांगतोच, पण आधी थोडं आतलं गणित.

०१:४० मांस चिवट का लागतं?

मांस म्हणजे प्राण्याचा स्नायू. तो बारीक तंतूंचा बनलेला असतो. तंतूंचे जुडगे, जुडग्यांचे मोठे जुडगे, आणि सगळ्यांभोवती कोलॅजनचं वेष्टण. सुतळीचा बंडल डोळ्यांसमोर आणा.

चिवटपणा दोन ठिकाणांहून येतो. एक, लांब तंतू. दोन, ते कोलॅजन. जो स्नायू जास्त राबतो, म्हणजे पाय आणि खांदा, त्यात कोलॅजन जास्त. जनावर जितकं वयस्क, तितकं ते पक्कं.

त्यात शिजताना अजून एक गोष्ट होते. साधारण ६० अंशांच्या पुढे तंतू जोरात आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ओला टॉवेल पिळावा तसं. म्हणून जिममधल्या मित्राचं चिकन ब्रेस्ट खडूसारखं लागतं.

०२:५० हातोडा नेमकं काय करतो?

दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या बाजूंनी.

सपाट बाजूचं काम म्हणजे जाडी सारखी करणं. चिकन ब्रेस्ट बघा, एका टोकाला ३ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम १. जाड भाग शिजेपर्यंत पातळ भागाची चप्पल होते. ठोकून सगळीकडे जाडी सारखी केली की हा प्रश्नच संपतो. शिवाय उष्णता आत पोचायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी निम्मी केली की वेळ निम्मा नाही, जवळपास पाव होतो! तव्यावर कमी वेळ म्हणजे पाणी कमी पिळलं जातं. चिकन ब्रेस्टमध्ये मुळात कोलॅजन कमी असतं, त्यामुळे तिथे दात लागतच नाहीत. सपाट बाजू पुरते.

दातांच्या बाजूचं काम म्हणजे तंतू तोडणं. मटणाच्या मांडीसारख्या चिवट तुकड्यांसाठी ती बाजू. लांब दोरे तुटून आखूड झाले की चावायला सोपं. मसालाही त्या खाचांमध्ये बसतो.

पण एक काम हातोडा करत नाही. तो कोलॅजन विरघळवत नाही. त्यासाठी ओलसर, मंद आणि लांब आचच लागते. त्यातच कोलॅजनचं जिलेटिन होतं. माझी पहिल्या दिवशीची चूक हीच होती.

०४:१० माझा फसलेला प्रयोग

मी मांडीचे तुकडे घेतले, दातांच्या बाजूनं राग काढल्यासारखे ठोकले आणि थेट गरम तव्यावर टाकले. दोन मिनिटं ही बाजू, दोन मिनिटं ती. मधे भोकं पडून अर्धा खिमा झालेला, आणि उरलेला भाग रबर. बाबांनी एक घास तोंडात घेतला, बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "चव छान आहे." मग रस्सा मागितला.

खालच्या मजल्यावरच्या काकूही येऊन गेल्या. त्यांना वाटलं फर्निचरचं काम काढलंय.

०४:५५ बरोबर पद्धत, पायरी पायरीनं

१. मांस फ्रीजमधलं गार चालेल, गोठलेलं नको. गोठलेलं ठोकलं की फुटतं.

२. जाड चिकन ब्रेस्ट आधी सुरीनं आडवं चिरून पुस्तकासारखं उघडा. अर्धं काम तिथेच होतं.

३. वर आणि खाली जाड प्लास्टिक ठेवा. आपल्याकडे थालीपीठ थापायला दुधाची पिशवी कापून धुवून ठेवतात ना, तशी चालते. पण मांसाला वापरली की ती फेकून द्यायची, परत थालीपिठाला नाही! प्लास्टिकवर पाण्याचे दोन थेंब लावा म्हणजे चिकटत नाही.

४. खाली जाड लाकडी पाट घ्या आणि पाटाखाली घडी घातलेला नॅपकिन. आवाज कमी होतो, पाट सरकत नाही आणि ओट्याच्या ग्रॅनाइटला थेट दणका बसत नाही. पाट ओट्याच्या कडेला नको, जिथे खाली भिंतीचा आधार आहे तिथे ठेवा.

५. मधून सुरू करून कडेकडे जा. हात फार उंच उचलू नका, हातोड्याचं वजनच काम करतं. प्रत्येक ठोका थोडा बाहेरच्या दिशेनं सरकवा, म्हणजे मांस पसरतं, फाटत नाही.

६. तव्यावरच्या साध्या चिकनसाठी १ ते दीड सेंटिमीटर जाडी ठेवा. कटलेटसारखं तळायचं असेल तर ५-६ मिलिमीटर.

हातोडा नसेल तर? जाड लाटणं किंवा जड बुडाचं पातेलं. खलबत्त्यातला बत्ता पण चालतो, पण त्याचा गोल तळ खड्डे पाडतो, तेव्हा हलक्या हातानं.

०६:०५ स्वच्छता, आणि हे स्किप करू नका

कच्चं चिकन ठोकताना बारीक शिंतोडे उडतात. प्लास्टिक मुख्यतः त्यासाठीच आहे. नळाखाली जोरात चिकन धुतानाही तेच होतं. म्हणून ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं २०१४ मध्ये लोकांना कच्चं चिकन धुऊच नका असं सांगितलं होतं, कारण कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जिवाणू ओटाभर पसरतात. आपल्याकडे धुतल्याशिवाय कुणाला चैन पडणार नाही हे मला माहितीये. मग निदान भांड्यात हळू धुवा आणि शेजारी कोथिंबीर चिरलेली ठेवू नका.

दातांच्या बाजूनं ठोकलं की बाहेरचे जिवाणू आतही ढकलले जातात. म्हणून असं मांस आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे. चिकनसाठी आतलं तापमान ७४ अंश.

हातोडा लगेच गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा. दातांमधल्या फटींसाठी जुना टूथब्रश ठेवून द्या. ॲल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरमध्ये टाकू नका, काळा पडतो.

०६:५५ पपई की हातोडा?

हा प्रश्न आई विचारते. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावायची पद्धत जुनी आहे. पपईतलं पपेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं. पण ते मुख्यतः वरच्या थरावर काम करतं, आणि जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर लगदा होतो, आत मात्र चिवटच. पातळ ठोकलेल्या मटणाला मात्र आत असं फारसं उरतच नाही. म्हणजे दोन्ही एकत्र वापरले तर उत्तम, फक्त पपई थोडी आणि थोडा वेळ.

ठोकून पातळ करायची युक्ती पाश्चात्त्यांचीच आहे असंही नाही. व्हिएन्नाचं श्नित्झेल म्हणजे ठोकून पातळ केलेलं वासराचं मांस, हे खरं. पण आपल्याकडे उत्तरेतले पसंदे तेच करतात. मांडीचे पातळ काप, ठोकलेले, दह्या-मसाल्यात मुरवलेले आणि मग मंद शिजवलेले.

०७:४० दुसरा प्रयत्न

मी तोच मार्ग धरला. मटणवाल्याकडून मांडीचं बोनलेस घेतलं, अर्धा किलो, रेषांच्या आडवं कापून. (हे सांगायला विसरू नका. आडवा काप म्हणजे तंतू आधीच आखूड.) दातांच्या बाजूनं हलके दोन हात, मग सपाट बाजूनं ५ मिलिमीटरपर्यंत. वाटलेली कच्ची पपई एक चमचा, दही, आलं-लसूण, हळद, आईचा कांदा-लसूण मसाला. पाऊण तास मुरवलं. तव्यावर दोन्ही बाजूंनी रंग येऊ दिला, मग थोडं पाणी घालून, झाकण ठेवून अर्धा तास मंद आचेवर. घड्याळ बघू नका, चमच्याच्या कडेनं तुकडा तुटला की झालं.

बाबांनी पहिला तुकडा भाकरीत धरून खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी आईकडे बघून म्हणाले, "नळी ठेवलीय का माझी?"

नळी ठेवली नव्हती. बोनलेस आणलं होतं ना! त्यावरून जे भांडण झालं ते ऐकून मला फार बरं वाटलं.

तर मंडळी, घरात कुणी "मला रस्साच आवडतो" म्हणत असेल तर एकदा ताटाकडे नीट बघा. तुम्ही ठोकून काय बनवलंत, काय फसलं, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. आणि ठोकाठोकी रात्री दहानंतर नको, खालच्या काकूंची शपथ. भेटू पुढच्या भागात!