पॉवर स्टिअरिंगचं ऑइल सारखं कमी होतंय? गळका रॅक कसा ओळखाल, कधी बदलाल?

शिरूर तालुक्यातलं इनामगाव घोड नदीकाठी आहे. आजूबाजूला उसाची शेती. शेताकडे जाणाऱ्या वाटांवर उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. अशा रस्त्यांवर दहा-पंधरा वर्षं धावलेल्या गाडीचं स्टिअरिंग एक दिवस जड लागतं. बॉनेट उघडलं तर ऑइल कमी. ते भरलं की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. कारण ऑइल संपत नाही, ते गळतं.

तुमच्या गाडीत हे ऑइल आहे का?

सगळ्याच गाड्यांत नसतं. 2005 मध्ये आलेल्या स्विफ्टच्या पॉवर स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. त्याच वर्षी आलेल्या इनोव्हात मात्र हे काम ऑइलच्या दाबावर चालतं.

रॅक का गळतो?

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप दाबाखालचं ऑइल रॅककडे पाठवतो. रॅक म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारा दातेरी दांडा. ऑइल आत राहावं म्हणून त्याला सील असतात आणि दोन्ही टोकांना रबरी बूट. बूट फाटला की चिखल-पाणी आत जातं, दांडा गंजतो आणि गंजाचे खड्डे सील कापतात.

गळती नेमकी कुठे?

पंप किंवा पाइपातून गळालेलं ऑइलही ओघळून रॅकवर येतं. म्हणून आधी सगळं पुसून कोरडं करा, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवा आणि ओल कुठून सुरू होते ते मेकॅनिकला पाहू द्या. बूटच्या आत ऑइल साचलं असेल, तर रॅकचं सील गेलं आहे.

सील बदलायचं की रॅक?

दांडा गुळगुळीत असेल तर सील किट पुरतं. खड्डे पडले असतील तर नवं सीलही कापलं जाईल. तिथे रॅकच बदलावा लागतो. दुरुस्त केलेला रॅक घेताना वॉरंटी लेखी घ्या.

बसवताना काय पाहाल?

• पाइप आणि टाकीतलं जुनं ऑइल पूर्ण काढा. त्यातला कचरा नवे सील खराब करतो.
• काम चालू असताना स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा. एअरबॅगच्या गाडीत ते मोकळं फिरलं, तर खालची वायरची गुंडाळी तुटू शकते.
• ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच भरा.
• पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवा आणि हवा काढा.
• शेवटी व्हील अलाइनमेंट हवंच, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. गावात मशीन नसेल, तर गाडी हळू चालवत जवळच्या मशीनपर्यंत न्या.

तोवर गाडी चालवावी का?

ऑइल संपलं तरी चाकं स्टिअरिंगला जोडलेलीच असतात, पण वळवायला बराच जोर लागतो. अंधारात पुढे अचानक उसाची ट्रॉली दिसली, तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. शिवाय कोरडा पंप खराब होतो आणि गरम सायलेन्सरवर पडलेलं ऑइल पेटू शकतं. म्हणून गळती जोरात असेल तर गाडी उभी करा. थेंब-थेंब असेल तर रोज पातळी पाहत लवकरात लवकर गॅरेज गाठा.

रॅक बदलल्यानंतर आठवडाभर टाकीवरची खूण पाहत राहा. पातळी हलली नाही, तर काम नीट झालं.