कुर्लीच्या पाठीवरची साखर

कुर्लीची नांगी फोडायला बत्ता लागतो, हो ना? आता गंमत ऐका. ज्या कवचावर आपण बत्ता घालतो, त्यात चक्क साखर दडलेली असते!

दमल्यावर आपण पाण्यात घालून पितो ते ग्लुकोज आठवा. कुर्लीचं शरीर याच ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करतं, त्याला नायट्रोजन जोडतं. मग असे असंख्य रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक ओवतं. या लांबलचक माळेचं नाव कायटिन. त्यात प्रथिनं आणि चुन्याचे क्षार मिसळले, की झालं टणक कवच!

मग कवच चाटलं तर गोड का लागत नाही? कारण जिभेला चव कळते ती सुट्या साखरेची. इथे प्रत्येक रेणू शेजाऱ्याला घट्ट धरून बसलेला. कायटिन पाण्यात विरघळतही नाही, आणि ते किती बरं आहे! नाहीतर बिचारीचं चिलखत पहिल्याच लाटेत वाहून गेलं असतं.

ही साखर सापडली कशी? 1876 साली गेओर्ग लेडरहोजे या जर्मन संशोधकाने लॉब्स्टरचं, म्हणजे आपल्या शेवंडीच्या एका भाऊबंदाचं, कवच तीव्र आम्लात उकळलं. माळा तुटल्या आणि साखरेचे स्फटिक हाती आले. तिचं नाव ग्लुकोसअमाइन. आपल्या गुडघ्यातल्या कुर्चेतही तिचीच भावंडं असतात.

कवच काही अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून कुर्ली ते अधूनमधून टाकून देते. त्याआधी जुन्या कवचाचा आतला थर विरघळवून त्यातला माल ती पुन्हा शरीरात घेते. किती काटकसरी! नवं कवच सुरुवातीला अगदी मऊ असतं, तेव्हा ती दगडाआड लपून राहते. अशा कुर्लीत मांस कमी, पाणीच जास्त. बाजारात आजी कुर्ली हातात तोलून घेते ती त्यासाठीच.

घरी करून बघा: कवचाचा तुकडा स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवा. बुडबुडे येतील, तो चुना विरघळतोय. अधूनमधून व्हिनेगर बदला. दोन-तीन दिवसांनी तुकडा वाकवून पाहा. जो लवचीक पापुद्रा हाती येईल, त्यात कायटिन आहे.