विश्लेषण : पुण्याची ‘१ ते ४’ची झोप विनोद की विज्ञान?

‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील’ या एका पाटीने पुण्याला जेवढे विनोद मिळवून दिले, तेवढे क्वचितच कशाने दिले असतील. पुण्यात भूकंप झाला तरी तो चारनंतरच होईल, असे म्हणणारे आजही भेटतात. पण झोपेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना या पाटीत हसण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. माणसाच्या शरीरातील घड्याळ दुपारी खरोखरच मंदावते. हसू यावे, किंवा काळजी वाटावी, अशा गोष्टी वेगळ्याच आहेत. सकाळी सातच्या शाळेत जांभया देणारी मुले आणि रात्रभर जागून दिवसा झोपेच्या शोधात असणारे कर्मचारी यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

पुणेकरांच्या झोपेवर विनोद का होतात?

शहराच्या जुन्या पेठांमध्ये दुकान आणि घर अनेकदा एकाच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर असे. सकाळी लवकर फळी उघडायची, दुपारी घरी जेवायचे, थोडे आडवे व्हायचे आणि संध्याकाळी उशिरापर्यंत गल्ल्यावर बसायचे, असा हा दिनक्रम. म्हणजे काम कमी नव्हते, ते दोन तुकड्यांत विभागलेले होते. परगावच्या ग्राहकाला मात्र दिसायचे ते दुपारचे कुलूप. पु. ल. देशपांडे यांनी पुणेकराचे जे विनोदी चित्र रंगवले, त्यामुळे हा स्वभाव घरोघरी पोहोचला. समाजमाध्यमांच्या काळात त्यावर मीम्सची भर पडली.

या विनोदाचे सर्वात प्रसिद्ध लक्ष्य होते चितळे बंधू मिठाईवाले. जुलै २०१७पासून त्यांनी दुपारीही दुकान सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ती राज्यभर बातमी झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी २ ऑक्टोबरला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ते शरीरातील घड्याळ कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना. पुण्याने दुपारची झोप सोडायला आणि स्टॉकहोमने शरीराच्या वेळापत्रकाला मान द्यायला एकच वर्ष निवडले.

शरीरात घड्याळ असते म्हणजे काय?

याची पहिली चाहूल लागली एका झाडामुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-जॅक द मेराँ यांनी १७२९मध्ये लाजाळूसारखे पाने मिटणारे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने रोजच्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे वेळ बाहेरून कळत नव्हती, ती आतूनच मोजली जात होती. १९७१मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी फळमाशीवर काम करून या घड्याळाशी संबंधित जनुक शोधले. त्याला ‘पिरियड’ असे नाव मिळाले.

नोबेलविजेत्या त्रिकुटाने हे जनुक काम कसे करते ते दाखवले. त्याची तुलना बाकरवडीच्या कारखान्याशी करता येईल. भट्टी सुरू झाली की माल तयार होतो आणि गोदामात साठतो. गोदाम भरले की भट्टी बंद करण्याचा निरोप जातो. माल संपत आला की भट्टी पुन्हा पेटते. पेशीत हेच घडते. ‘पिरियड’ जनुकाच्या सूचनेवरून एक प्रथिन तयार होते, रात्री ते साठते आणि पुरेसे साठल्यावर स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते. नंतर ते विघटित होते आणि चक्र नव्याने सुरू होते. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात.

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींमध्ये अशी छोटी घड्याळे असतात. त्यांचा मेळ राखणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर असते. त्यात सुमारे २० हजार चेतापेशी आहेत. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधील संशोधनानुसार माणसाच्या या घड्याळाची फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची असते. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड ते रोज पुढे सरकवून जुळवून घेतो.

मग दुपारीच डोळे का मिटतात?

झोप दोन गोष्टींवर ठरते, असे प्रारूप अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२मध्ये मांडले. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे राहू, तितके मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे रसायन साठत जाते आणि झोप हवीशी होते. दुसरी म्हणजे शरीरातील घड्याळ. ते दिवसा जागे राहण्याचा इशारा देत हा दाब थोपवून धरते.

दुपारी एक ते चारच्या सुमारास दाब बराच वाढलेला असतो आणि घड्याळाचा इशारा मात्र अजून पूर्ण जोरात आलेला नसतो. त्या फटीत जांभई शिरते. जेवणाला दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण जेवण न दिलेल्या व्यक्तींमध्येही ही मरगळ प्रयोगांत दिसून आली आहे. पुरणपोळी आणि वर तूप यांनी ती वाढते, एवढेच. संध्याकाळी घड्याळाचा इशारा जोर धरतो, म्हणून दुपारी पेंगणारा माणूस सहा वाजता पुन्हा ताजातवाना दिसतो.

चारच्या सुमारास अमृततुल्याच्या टपरीवर होणाऱ्या गर्दीचे रहस्यही इथेच आहे. चहातील कॅफीन मेंदूत अ‍ॅडेनोसीनच्या जागा अडवते. झोपेचा दाब त्यामुळे नाहीसा होत नाही, फक्त काही तास जाणवत नाही. म्हणूनच संध्याकाळी उशिरा घेतलेला ‘एक कटिंग’ रात्री साडेअकराला हिशेब मागतो.

मग तीन तास झोपलेले चालते का?

इथे विज्ञान पुणेकरांची साथ सोडते. दुपारची झोप उपयोगी ठरते ती थोडक्यात असेल तर. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांवर केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात त्यांना ४० मिनिटांची सवलत देण्यात आली होती. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि त्यानंतर त्यांची सतर्कता सुधारली. झोप लांबली, की माणूस गाढ झोपेच्या टप्प्यात जातो. तिथून उठवल्यावर काही वेळ डोके जड राहते, चिडचिड होते. चार वाजता दुकानदार ग्राहकाशी तुटकपणे का बोलतो, याचे हे एक दयाळू स्पष्टीकरण मानायला हरकत नाही. शिवाय दुपारी झोपेचा दाब संपवून टाकला, तर रात्री झोप येत नाही.

जुना शब्द याबाबतीत अधिक नेमका आहे. ‘वामकुक्षी’ म्हणजे डाव्या कुशीवर होणे. त्यात झोपेचा उल्लेखही नाही. आयुर्वेदानेही दिवसा झोपण्याची सरसकट मुभा दिलेली नाही. चरकसंहितेत ती उन्हाळ्यात, तसेच लहान मुले, वृद्ध आणि थकलेल्या व्यक्तींना दिली आहे. आज हीच कल्पना नव्या वेष्टनात येते. बेंगळूरुच्या वेकफिट या गाद्या बनवणाऱ्या कंपनीने मे २०२२मध्ये कर्मचाऱ्यांना दुपारी २ ते २.३० झोपण्याची सवलत जाहीर केली, तेव्हा तिचे ‘प्रागतिक धोरण’ म्हणून कौतुक झाले. पुण्यात तीच गोष्ट पाटीवर लिहिली, की विनोद होतो.

पुण्याचे घड्याळ आणि सूर्य यांत फरक किती?

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पुणे जवळपास ७३.९ अंशावर, म्हणजे बरेच पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२.३५च्या आसपास. सकाळी सातची शाळा ही सूर्याच्या हिशेबाने साडेसहाच्याही आधीची असते.

हा फरक किरकोळ वाटू शकतो. परंतु अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात, सूर्यास्त तासाभराने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, असे आढळले. संध्याकाळ लांबते, मुले उशिरा झोपतात. शाळेची घंटा मात्र देशभर एकाच घड्याळाने वाजते.

उशिरा उठणारा आळशी असतो का?

घरात आजोबा पहाटे पाचला उठून खुडबुड करतात आणि नातू रात्री एकपर्यंत जागा असतो. आजोबांच्या मते नातू बिघडला आहे. नातवाच्या मते आजोबांना झोपच लागत नाही. दोघांचेही घड्याळ बरोबर असते, फक्त वय वेगळे असते. लहान मुले साधारणपणे लवकर उठणारी असतात. वयात येताना घड्याळ पुढे सरकू लागते, विसाव्या वर्षाच्या आसपास ते सर्वात उशिराचे असते आणि नंतर हळूहळू पुन्हा मागे येते. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या नोंदींवरून हे दाखवले. एकाच वयाच्या दोन माणसांमध्येही फरक असतो आणि त्यात जनुकांचा वाटा असतो.

सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरातील अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे का जळतात, याचे एक उत्तर स्पर्धा परीक्षेत आहे, तर दुसरे तिथे बसणाऱ्यांच्या वयात. रोजची सक्तीची वेळ आणि शरीराची वेळ यांतील या तफावतीला रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. सोमवार ते शनिवार अलार्मने उठायचे आणि रविवारी अकरापर्यंत झोपायचे, म्हणजे विमानात न बसता दर आठवड्याला परदेशवारी करून येण्यासारखे आहे.

शाळांच्या वेळेचे काय झाले?

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी ५ डिसेंबर २०२३ रोजी राजभवनातील एका कार्यक्रमात, मुलांना पुरेशी झोप मिळावी यासाठी शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात सांगण्यात आले. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, स्कूलबसचे वेळापत्रक, नोकरदार पालक आणि वाहतूककोंडी अशी कारणे देत त्याला विरोधही झाला.

लहान मुलांना त्याचा फायदाच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांची संघटना सांगते. मात्र ज्यांचे घड्याळ सर्वाधिक पुढे सरकलेले असते, ती आठवी ते बारावीची मुले या निर्णयाबाहेर राहिली. त्यांना ८ ते १० तास झोपेची गरज असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली होती. कॅलिफोर्नियात २०२२पासून बहुतांश सार्वजनिक हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू आहे. आपल्याकडे दहावीचा मुलगा रात्री क्लासहून नऊला परततो, साडेपाचला अलार्म लावतो आणि पहिल्या तासाला पेंगला म्हणून उभा राहतो.

रात्रपाळीवाल्यांनी काय करायचे?

हिंजवडीतील आयटी कंपन्या, रुग्णालये, पोलीस ठाणी, चाकणचे कारखाने यांत हजारो माणसे रात्री काम करतात. त्यांना ‘सवय होईल’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेकांचे घड्याळ पूर्णपणे उलटत नाही. कारण सकाळी घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन ते पुन्हा दिवसाकडे खेचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होईल, असा याचा अर्थ नाही. पण दिवसा झोपलेल्या नर्सच्या घराची बेल वाजवणे आणि ‘अजून झोपलीच आहेस?’ असे विचारणे थांबवण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. त्यांच्या दारावर ‘बेल वाजवू नये’ ही पुणेरी पाटी लावली, तर तिच्यावर हसू नये.

रोजच्या आयुष्यात काय पाळता येईल?

उठण्याची वेळ आठवडाभर शक्य तितकी एकच ठेवावी. सकाळी उजेडात थोडे चालावे. रात्रपाळीवाल्यांनी याउलट घरी जाताना गॉगल लावावा आणि झोपण्याच्या खोलीत अंधार करावा. दुपारी डोळा लागलाच, तर २०-२५ मिनिटांचा अलार्म लावावा. दुपारनंतर चहा कमी करावा. डोळ्यांतील काही विशेष पेशी निळसर प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात. त्यामुळे झोपेची तयारी करणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवण लांबते. हा मजकूर रात्री अकरानंतर अंथरुणात मोबाइलवर वाचला जात असेल, तर उरलेला उद्या वाचला तरी चालेल.

शाळेची घंटा आणि पाळीचे वेळापत्रक मात्र एकट्याने बदलता येत नाही. नऊच्या शाळेचा निर्णय चौथीवर थांबला आहे. तो आठवी-दहावीपर्यंत न्यायचा का, दोन सत्रांच्या इमारतींतून मार्ग कसा काढायचा, याची चर्चा पालक-शिक्षक सभांतून सुरू व्हायला हवी. ती सभा दुपारी दोनला न ठेवलेली बरी.