घटना गुंडाळली नव्हती, तिच्यात लिहिणं चालू होतं

‘आणीबाणीत राज्यघटना गुंडाळून ठेवली होती’ हे वाक्य दर वर्षी जून संपत आला की कानावर येतं. त्यातला संताप खरा आहे, वर्णन मात्र चुकीचं. घटना टेबलावर उघडी होती आणि तिच्यात भराभर लिहिणं चालू होतं. मुळात २५ जून १९७५ ची आणीबाणी पुकारली गेली ती घटनेच्याच कलम ३५२ खाली. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण त्या कलमात पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं.

‘रायबरेलीत मतांची अफरातफर झाली म्हणून इंदिरा गांधींची निवडणूक रद्द झाली’ हा दुसरा समज. १२ जूनच्या निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी दोनच गोष्टी धरल्या होत्या. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले होते, आणि सभांचे मंच व ध्वनिक्षेपकांची वीज यांची सोय उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी केली होती. दोष किरकोळ होता असं तेव्हा अनेकांना वाटलं, मलाही वाटतं. पण किरकोळ दोषातून सुटण्यासाठी काय काय केलं गेलं ते बघा.

कपूर यांचा राजीनामा जानेवारी १९७१ च्या मध्याचा. न्यायालयाच्या मते इंदिरा गांधी २९ डिसेंबर १९७० पासूनच उमेदवार म्हणून वावरत होत्या. अर्ज भरला १ फेब्रुवारीला. ऑगस्ट १९७५ मध्ये संसदेने निवडणूक कायदा बदलला. आता अर्ज भरण्याआधी कुणी ‘उमेदवार’ ठरत नव्हतं, आणि अधिकाऱ्यांनी कर्तव्य म्हणून केलेली सोय गैरमार्गात मोडत नव्हती. हे सगळं पूर्वलक्षी प्रभावाने. पंचांनी धावबाद दिल्यावर क्रीजच बॅटपर्यंत ओढून आणायची, तसं.

तेवढ्यावरही भागेना. सर्वोच्च न्यायालयातली अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. ७ ऑगस्टला, गुरुवारी, कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली आणि त्याच दिवशी ती मंजूर झाली. शुक्रवारी राज्यसभा झाली, शनिवारी राज्यांच्या विधानसभा. रविवारी राष्ट्रपतींची सही. विरोधी पक्षांचे बरेच खासदार तेव्हा तुरुंगात होते. (गोखले हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. मसुदा कच्चा राहणार नव्हता.) नव्या कलम ३२९-अ ने पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकीबाबत नेहमीची निवडणूक याचिका बंद केली. अलाहाबादचा निकाल जणू लागलाच नव्हता, असंही थेट घटनेत लिहून टाकलं. त्याच शनिवारी राज्यसभेने आणखी एक विधेयक मंजूर केलं: पंतप्रधानपद भूषवलेल्या व्यक्तीवर पदाआधीच्या कृत्यांसाठीही कधीच फौजदारी खटला चालू नये. ते लोकसभेत आलंच नाही.

‘सर्वोच्च न्यायालयाने हा डाव उधळला’ हे अर्धंच खरं. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातलं ‘मूलभूत चौकटी’चं तत्त्व वापरून न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी ३२९-अ चं वादग्रस्त उपकलम रद्द केलं. त्या पीठावर आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. पण निवडणूक कायद्यातला पूर्वलक्षी बदल टिकला, आणि त्याच आधारावर इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरली.

४२ व्या दुरुस्तीवरचा वाद हल्ली सरनाम्यातल्या ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या दोन शब्दांपाशीच थांबतो. १९७६ च्या त्या दुरुस्तीत ५९ कलमं होती. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली. कलम ३६८ मध्ये दोन नवी उपकलमं घातली: कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. मला विचाराल तर सगळ्या आणीबाणीतला सर्वांत घातक मजकूर हाच. सरनाम्यावर भांडताना तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘जनता पक्षाने सगळं पूर्ववत केलं’ हेही तसंच. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला, मुदत पुन्हा पाच वर्षं झाली आणि ३२९-अ पुसलं गेलं. पण ४२ व्या दुरुस्तीतलं बरंच टिकलं: शिक्षण समवर्ती सूचीतच राहिलं, मूलभूत कर्तव्यं राहिली. ३६८ मधली ती दोन उपकलमंही राहिली. ती १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने अवैध ठरवली. तरी घटनेच्या अधिकृत प्रतीत ती आजही छापलेली आहेत. ती अवैध ठरल्याची नोंद फक्त तळटीपेत आहे.