कार्डावर नसलेली लस

गालगुंड झालेलं मूल दारातून आत येतं तेव्हाच निम्मं निदान झालेलं असतं. कानाची पाळी वर उचललेली, जबड्याचा कोपरा सुजेत बुडालेला. चिंच-लिंबू जिभेला लागलं की लाळ सुटते आणि पोर गाल धरून कळवळतं. मग आईच्या पर्समधून लसीकरणाचं कार्ड निघतं. “डॉक्टर, एकही डोस चुकवला नाही हो आम्ही!”

कार्ड खरंच चोख असतं. पण त्यावर ‘एमआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त गोवर आणि रुबेला. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलेली ही लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात. गालगुंडासाठी एमएमआर घ्यावी लागते, बहुतेक ठिकाणी पदरचे पैसे मोजून. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे तीन डोस सांगते: ९ आणि १५ महिने, मग ४ ते ६ वर्षं. एमएमआर पुण्यातही बनते म्हटल्यावर आया आणखी चिडतात. मला त्यांचा राग रास्त वाटतो.

उपचार साधा: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ भात. ॲस्पिरिन मुलांना नको. हा विषाणू, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आजीला रक्तचंदनाचा लेप लावायचा असेल तर खुशाल लावू दे. सूज आल्यापासून पाच दिवस शाळा बंद. मात्र सूज दिसण्याआधीच दोनेक दिवस मूल आजार वाटत फिरलेलं असतं. धाकट्याचा गाल फुगतो तो दोन-तीन आठवड्यांनी, थोरला विसरूनही गेल्यावर. मान आखडली, उलट्या थांबेनात, पोट फार दुखू लागलं तर थेट दवाखाना. क्वचित एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाते, आणि मूल फोन नेहमी एकाच कानाला लावतं हे घरच्यांना उशिरा जाणवतं.

मी बापाचीही चौकशी करतो. वयात आलेल्या पुरुषाला गालगुंड झालं तर वृषण सुजू शकतं, ताप-वेदनेने माणूस अंथरुणाला खिळतो. वंध्यत्वाची भीती गावगप्पांत फार फुगवतात. तसं क्वचितच होतं. लहानपणी होऊन गेलं का, विचारलं की तो आईला फोन लावतो. गाल नेमके याचे फुगले होते की काकाचे, यावर घरात एकमत होत नाही. अशांना मी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायला सांगतो. या खेपेला ती लस वाचवेलच असं नाही, पण पुढची सोय होते. आधी होऊन गेलं असलं तरी लसीने बिघडत नाही. गरोदर बाईला मात्र ती द्यायची नाही.