गरुडाची शिळा आणि अंबरनाथचें कीर्तिमुख

बहुतेक प्राचीन राष्ट्रांनीं आपल्या कथांतून विलक्षण प्राण्यांची एक निराळीच सृष्टि निर्माण केली आहे. ग्रीकांचा वृषभमुखी मिनोटॉर, इराणी काव्यांतील सीमुर्ग, अरबी कथांतील हत्ती उचलून नेणारा रुख पक्षी, यांचीं नांवें आतां आपल्या घरांतील मुलांच्याही तोंडीं असतात. परंतु ठाणें-कल्याणच्या परिसरांत राहणाऱ्या किती कुटुंबांस हें ठाऊक असेल कीं, ज्या राजघराण्यानें या भूमीवर सुमारें साडेचारशें वर्षें राज्य केलें, त्याचा ध्वज आणि वंशकथा हीं दोन्ही अशाच एका अद्भुत प्राण्याशीं निगडित होतीं?

हें घराणें उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें. नवव्या शतकाच्या आरंभापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांची सत्ता टिकली. श्रीस्थानक, म्हणजे आजचें ठाणें, ही त्यांची राजधानी होय. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चालू असतां अरिकेसरी राजाचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट सांपडला. शिलाहारांच्या अशा ताम्रपटांत जीमूतवाहन हा कुळाचा मूळपुरुष म्हणून वर्णिलेला असतो. राजाच्या बिरुदांत ‘सुवर्णगरुडध्वज’ हें एक असतें. आणि मुद्रेवर पंख असलेला गरुड कोरलेला असतो.

आतां या कुळाचा गरुडाशीं संबंध काय, हें पाहूं. जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुड नागांचा सरसकट संहार करूं लागला, तेव्हां नागराज वासुकीनें त्याच्याशीं करार केला कीं, रोज एक नाग समुद्रकांठच्या एका शिळेवर आपण होऊन येईल. बाकीच्यांस अभय असावें. पुढें एके दिवशीं जीमूतवाहन त्या बाजूस गेला असतां त्याला हाडांचे ढीग दिसले, आणि एका म्हातारीचा आक्रोश ऐकूं आला. तिच्या एकुलत्या एका मुलाची, शंखचूडाची, त्या दिवशीं पाळी होती. ‘याच्याऐवजीं मी जातों,’ असें जीमूतवाहन म्हणाला. पण मायलेकांनीं तें मुळींच मानलें नाहीं. शंखचूड शेवटचें गोकर्णेश्वराचें दर्शन घेण्यास गेला, तेवढी संधि साधून राजपुत्र शिळेवर जाऊन बसला. गरुडानें त्याला उचलून नेलें व खावयास आरंभ केला. भक्ष्याच्या मुद्रेवर भीतीऐवजीं समाधान पाहून गरुड थबकला. इतक्यांत शंखचूड धांवत आला आणि ‘नाग तो नव्हे, मी आहें,’ असें ओरडूं लागला. गरुडास पश्चात्ताप झाला. गौरीच्या कृपेनें जीमूतवाहन वांचला. गरुडानें अमृत आणून मेलेल्या नागांस उठविलें, आणि त्या दिवसापासून तो भक्षणव्रत सोडून अभयदाता झाला. ज्या शिळेवर हा आहार मांडला गेला, तिच्यावरून ‘शिलाहार’ हें नांव पडलें, अशी या घराण्याची समजूत होती.

सातव्या शतकांत श्रीहर्षानें याच कथेवर ‘नागानंद’ नाटक रचलें, आणि अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें ती ‘कथासरित्सागरां’त सांगितली.

ठराविक पाळीनें बळी घेणारा प्राणी पुष्कळ कथांत आढळतो. अथेन्सचे सात तरुण व सात तरुणी मिनोटॉरच्या भुयारांत पाठवाव्या लागत. थीसियसनें त्याला ठार मारून तो कर बंद केला. आपल्या महाभारतांतील बकासुराचीही गति तीच. भीम जाण्यापूर्वीं एकचक्रेच्या ब्राह्मणाच्या घरांत बाप, आई आणि मुलगी अशीं तिघेंही ‘मीच जातें-जातों’ म्हणून हट्ट धरतात, आणि लहानगें पोर हातांत गवताची काडी घेऊन ‘हिनें मी राक्षसाला मारीन’ म्हणतें. शिलाहारांच्या कथेचें वैशिष्ट्य असें कीं, तींत खाणारा मरत नाहीं, बदलतो. आणि ज्यानें मूळपुरुषाचें मांस तोडलें, तोच पुढें वंशजांच्या ध्वजावर मानानें बसतो.

असाच दुसरा एक भुकेला प्राणी याच राजांच्या मंदिरांत भेटतो. वालधुनी नदीच्या कांठचें अंबरनाथचें शिवमंदिर मामवाणि राजाच्या काळचें असून तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्याच्या शिल्पांत बटबटीत डोळ्यांचें, सिंहासारखें, धड नसलेलें एक मुख आढळतें, तेंच कीर्तिमुख. पुराणकथा अशी : जालंधर दैत्याचा दूत राहु शंकराकडे पार्वतीची मागणी घेऊन आला, तेव्हां शंकराच्या भालप्रदेशांतून एक भयंकर पुरुष प्रकट झाला. राहु शरण आला म्हणून शंकरानें त्याला सोडविलें. पण त्या पुरुषाची भूक कशी शमावी? ‘आपलेच हातपाय खा,’ अशी आज्ञा झाली. त्यानें ती इतकी इमानानें पाळली कीं, शेवटीं मुख तेवढें उरलें. प्रसन्न होऊन शंकरानें त्याला द्वारावर कायमचें स्थान दिलें. जावा बेटांतील प्राचीन मंदिरांच्या दारांवरही हेंच मुख ‘काल’ या नांवानें आढळतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकाच्या मनांत मात्र एक शंका येते. जीमूतवाहन राज्य सोडून आला होता तो वृद्ध आईबापांच्या सेवेसाठीं. मलयवतीशीं त्याचें नुकतेंच लग्न झालें होतें. परक्या म्हातारीचें अश्रु पुसतांना आपल्या घरच्या तीन माणसांस दुःखांत लोटण्याचा अधिकार त्याला होता काय? नाटकांतही हीं तिघें अग्निप्रवेशास सिद्ध होतात, तेव्हां कवीला या प्रश्नाची जाणीव होतीच. सोमदेवाच्या ग्रंथांत ही गोष्ट वेताळ पुन्हां एकदां सांगतो आणि राजाला विचारतो, ‘दोघांत अधिक धैर्याचा कोण?’ राजा उत्तर देतो, ‘शंखचूड.’ कारण जीमूतवाहनास दयेची संवय जन्मोजन्मींची होती. पण मरणांतून सुटलेला तो पोर, म्हाताऱ्या आईला मागें ठेवून, दुसऱ्यास वांचविण्यासाठीं पुन्हां मरणाकडे धांवत गेला.

हा निर्णय सर्वांस पटेलच असें नाहीं, आणि न पटण्यांतच गोष्टीचें सार्थक आहे. अंबरनाथ डोंबिवलीहून, कल्याणहून आगगाडीनें अगदीं जवळ. नऊशें पावसाळे सोसलेल्या त्या दगडांची झीज होत आहे, आणि कांठची वालधुनीही निर्मळ राहिलेली नाहीं. मुलांना घेऊन एकदां तेथें जावें, भिंतींवरचें मुख त्यांनाच शोधूं द्यावें, आणि रात्रीं पंगतींत वेताळाचा प्रश्न घालावा. आजीचें उत्तर एक येईल, सुनेचें दुसरें, आणि धाकट्या नातवाचें कदाचित् त्या गवताच्या काडीसारखें.